इथे हसायची सक्ती नाही

‘बरं आहे ना?’ असं कोणी विचारलं की बाईंना राग यायचा. विचारणारा कितीही भला माणूस असला तरी त्या रस्त्यातच थांबून त्याला ऐकवायच्या, “हा काही प्रश्न नाही बाप्पा, हा हुकूम हाये. याच्यावर मानूस ‘हो’च म्हनते. दुसरं काही म्हनाची सोयच ठेवली नाही तू.” मग तो ओशाळून विचारायचा, की बाई, मग विचारायचं तरी काय? बाई म्हणायच्या, “झोप लागते का, ते इचार.”

त्या स्वतः तेच विचारायच्या आणि सगळ्यांना विचारायच्या. भाजीवालीला, बँकेच्या मॅनेजरला, चौकात उभ्या असलेल्या फौजदाराला. एकदा कापडाच्या दुकानात नवं लग्न झालेली एक मुलगी सासूबरोबर लुगडी बघायला आली होती. तिलाही बाईंनी विचारलं, काय वं, झोप लागते का? दुकानातली माणसं तोंडावर हात ठेवून हसली, सासूही हसली. मुलगी तेवढी हसली नाही. ती खाली बघून हळूच नाही म्हणाली. बाईंनी तिला रंग उजेडात दाखवते म्हणून दाराशी नेलं आणि बराच वेळ दोघी पदर हातात धरून बोलत उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण त्या महिन्यापासून ती मुलगी दुपारी शिवण शिकायला यायला लागली, आणि वर्षभरानं मशीन शिकून झाल्यावरसुद्धा यायची थांबली नाही.

मी पांढरकवड्याच्या शाळेवर रुजू झाले तेव्हा बाईंच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. बाई माझ्याच शाळेतून शिवणकामाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. घरात एकट्या. ठेंगणी, सावळी मूर्ती, केस पुरुषासारखे बारीक कापलेले, अंगावर कडक इस्त्रीचं सुती पातळ आणि पायात पीटीच्या तासाला मुलं घालतात ते पांढरे कॅनव्हासचे बूट. दर रविवारी ते खडूनं पांढरे करून उन्हात ठेवलेले असायचे. ते घालून त्या सकाळ-संध्याकाळ गावाला फेरी मारायच्या. केळापूरच्या रस्त्यानं पुलापर्यंत, तिथून बाजार, बाजारातून बसस्टँड आणि घर. हातात बाराही महिने छत्री. उन्हाळ्यात उघडलेली, पावसाळ्यात बहुतेक वेळा मिटलेली, कारण पावसात भिजायला त्यांना आवडायचं आणि छत्री भिजलेली आवडायची नाही.

आपण नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात राहून आलो आहोत, ही गोष्ट त्या लपवत नसत. एखादी बाई ‘मी डी.एड.ला नागपूरला होते’ म्हणते तशा सहज सांगायच्या. त्यांच्या निरोपसमारंभाची गोष्ट शाळेत सगळ्यांना पाठ होती. मुख्याध्यापकांनी भाषणात त्यांच्या हातच्या कामाची तारीफ केली आणि कौतुकानं विचारलं की इतकं सुबक काम आपण कुठल्या संस्थेत शिकलात? बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “नागपूरच्या पागलखान्यात, सर.” सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही म्हणे. मग बाईंनी शांतपणे सांगितलं, की तिथे बायांना मशीनवर बसवायचे, रोग्यांचे झगे शिवून घ्यायचे. आपण आयुष्यातला पहिला सरळ टाका तिथे घातला. ज्यांनी शिकवलं त्या मोठ्या सिस्टरची आठवण आज झाली, म्हणून सांगितलं. एवढं बोलून त्या खाली बसल्या आणि नारळ-शाल घेऊन घरी आल्या.

त्याच्या आधीचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. लग्नानंतरचं पहिलं मूल जन्मून थोड्याच दिवसांत गेलं. तेव्हा दसरा नुकताच झाला होता. सासर बौद्ध, पण अंगवळणी पडलेली दिवाळी त्या घरातून अजून सुटली नव्हती. सासूनं बजावलं की सणाच्या दिवसात घरात रडणं नको, लोक येतात-जातात, तोंड हसरं ठेव. बाईंनी नवं लुगडं नेसून दिवसभर करंज्या तळल्या, सगळ्यांना वाढलं, सगळ्यांशी हसून बोलल्या. “अन् मंग सगळे जेऊन उठले तरी माह्यं तोंड हसतच राह्यलं,” त्या मला म्हणाल्या होत्या. “बंदच होयेना. आतून मी कधीचीच निघून गेलती.” त्यानंतर त्यांचं बोलणं थांबलं, मग उठणं थांबलं. भाऊ नागपूरला घेऊन गेला. एक आख्खा हिवाळा त्या तिथे होत्या. बऱ्या होऊन आल्या तेव्हा नवऱ्यानं दुसरं घर मांडलं होतं. त्याच्याबद्दल त्या कधी वाईट बोलल्या नाहीत. तोही पोरगाच होता, त्याले कोनी सांगतलंच नाही काय कराचं ते, एवढंच म्हणायच्या.

आमच्या भागातली ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. कधी पाऊस दगा द्यायचा, कधी बोंडअळी, आणि सगळं नीट झालं तर भाव नसायचा. पेपर उघडला की पहिल्या पानावर आमच्याच जिल्ह्याची बातमी असायची, आणि ती कशाची असणार हे उघडण्याआधी माहीत असायचं. दिवाळीची सुटी संपून शाळा भरली की हजेरी घेताना माझा हात थबकायचा. एखादं पोरगं डोक्याचं मुंडण करून बाकावर बसलेलं दिसायचं. आम्ही मास्तर-मास्तरणी त्याच्याकडे बघायचं टाळायचो. काय बोलावं ते कोणालाच सुचत नसे.

दिवाळी तिकडे नेमकी कापसाच्या पहिल्या वेच्याला येते. घरातल्या पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, पोरांच्या अंगाला त्याची खाज, आणि हा विकायचा कधी नि कितीला, याचा घोर. जिनिंगचा हमाल, टेलर, कापडवाला, आमच्यासारखे शिकवण्या घेणारे, सगळ्यांचा सण त्या ढिगाऱ्यावर ठरायचा. ढीग तसाच असला तरी दिवे लावायचेच, लेक-जावयाला आणायचं, फराळाचं ताट शेजारी पाठवायचं आणि विचारलं की छान झाली दिवाळी म्हणायचं. बाई म्हणायच्या, “हमालाच्या पाठीवर पोतं असते तवा त्याले कोनी म्हनत नाही का हास म्हनून. आपल्यालेच काहून म्हनतात?”

म्हणून दिवाळीच्या आठवड्यात बाई आपली छपरी उघडायच्या. छपरी म्हणजे घरापुढचा पत्र्याखालचा मोकळा भाग. एरवी तिथे शिवणाचं मशीन आणि लाकडी दिवाण असायचा. दिवाळी आली की त्या तिथे सतरंज्या टाकायच्या, कोपऱ्यात स्टोव्हवर चहाचं पातेलं चढवायच्या आणि मधोमध एक भली मोठी वाकळ पसरायच्या. जुन्या लुगड्या-धोतरांची, अर्धी शिवलेली. ज्याला यायचं त्यानं यावं, एका कडेला बसावं, सुई-दोरा घ्यावा. बोलायचं तर बोलावं, नाही तर नाही. “इथं हासाची सक्ती नाही,” एवढं त्या प्रत्येकाला सांगायच्या. आणखी एक बंधन होतं. ‘सगळं ठीक होईल’ असं तिथे कोणी कोणाला म्हणायचं नाही. कोणी म्हटलंच तर बाई त्याच्या हातात चहाची कपबशी द्यायच्या आणि विसळून आणायला लावायच्या.

मी एकदा विचारलं, की तुम्ही दिवाळी करत नाही, मग दिवाळीतच हा पसारा का? त्या म्हणाल्या, “आमच्या घरी दिवाळी नाही, म्हनूनच मले येळ हाये. बाकीच्याइले कुठं येळ असते कोनाच्या रडन्याले?”

गाव त्यांना हसायचं. पागल बाईची पागल मंडळी, असं तोंडावर म्हणणारेही होते. पण दुपार झाली की माझ्या खोल्यांच्या बाजूनं, मागच्या बोळातून, एकेक माणूस यायचं. बायको गेल्यापासून दिवाळी घरात निघत नाही म्हणून एक म्हातारे निवृत्त तलाठी यायचे. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेला तो माणूस वाकळीवर असा टाका घालायचा की दोन बोटांचं अंतर कधी एक बोट व्हायचं, कधी चार. बाई त्यांचे टाके उसवत नसत. लेकरू होत नाही म्हणून सणाला माहेरी जायला घाबरणारी एक बाई यायची. चुड्या विकणाऱ्या एक आपा यायच्या. त्यांचा तर हा सणच नव्हता, पण दुकानात दिवसभर हसून हसून गाल दुखतात, म्हणायच्या, आणि स्टोव्हचा ताबा घ्यायच्या. फार मोठं काही घडायचं नाही तिथे. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला माणसं उठून जायची, आणि आली होती त्यापेक्षा जरा सरळ चालत जायची.

मी तिथे कशी पोचले, तेही सांगते.

माझं लग्न दोन वर्षांत मोडलं होतं. नोकरी लागली म्हणून पुसदचं माहेर सोडून मी पांढरकवड्याला आले, आणि लोकांना वाटलं तसं मलाही वाटलं की सुटले. दिवाळीच्या सुट्या लागायच्या आधी आईला फोन केला. ती जरा घुटमळली आणि म्हणाली, या वेळी तुझ्या भावाच्या सासरची माणसं येताहेत, उगाच विचारपूस होते, तू भाऊबीज झाल्यावर ये. मी बरं म्हटलं. शाळेत मात्र सगळ्यांना सांगितलं की पुसदला जाते. बाईंनाही तसंच सांगितलं, बॅग भरली आणि भल्या सकाळी बसस्टँडवर जाऊन बसले.

पुसदकडची गाडी लागली, भरली, गेली. मी बसून राहिले. दुसरीही गेली. स्टँडवर नुसता गजबजाट होता. पोरं खांद्यावर घेतलेल्या बाया, फटाक्यांच्या पिशव्या, गावाकडे निघालेले पोलीस. मला रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. घरी जाता येत नाही आणि खोलीवर परतता येत नाही, म्हणून तिथे बसायचं, एवढंच डोक्यात होतं.

फेरीवरून येता येता बाईंनी मला पाहिलं. गाडी का सोडली, असं त्यांनी विचारलं नाही. शेजारी बसल्या, छत्री गुडघ्यांवर आडवी ठेवली आणि समोरच्या गाड्यांकडे बघत राहिल्या. खूप वेळानं म्हणाल्या, “झोप लागते का वं पोरी?”

मी नाही म्हटलं. एवढा एक शब्द उच्चारल्यावर आवाज फुटला आणि मी सगळ्या स्टँडदेखत रडायला लागले. बाईंनी मला थोपटलं नाही, गप्प राहा म्हटलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसू नये म्हणून छत्री तेवढी उघडून माझ्यापुढे धरली. रडणं ओसरल्यावर माझी बॅग उचलली आणि चल म्हणाल्या, तिकडे तलाठ्यानं वाकळीचा नकाशा करून ठेवला असेल. मी हसले. हसताना मलाच दचकायला झालं.

त्या दिवाळीत मी वाकळीची एक आख्खी कड शिवली. भाऊबीज झाल्यावर पुसदलाही गेले. आईला सगळं स्पष्ट सांगितलं, की तू नको म्हणालीस त्याचं मला काय झालं. आई आधी चिडली, मग माझ्याआधी रडली. पुढच्या दिवाळीला तिनं भावालाच मला न्यायला पाठवलं. पण मी सणाच्या आधी जाऊन लक्ष्मीपूजनापर्यंत पांढरकवड्याला परत आले, कारण छपरीत माणसं वाढली होती आणि बाईंना मदत लागत होती.

त्याच वर्षीची गोष्ट. बाजारात एका तरुण माणसाचं कृषी केंद्र होतं. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. गोड बोलणारा, दुकानात येणाऱ्या कास्तकाराला पाणी-चहा विचारणारा गृहस्थ. त्याची बायको शाळेत बाईंची विद्यार्थिनी होती. त्याच्या दुकानात वर्षानुवर्षं येणाऱ्या एका शेतकऱ्यानं त्या पावसाळ्यात जीव दिला. त्या दिवशी सकाळी तो माणूस याच्या दुकानात येऊन गेला होता. चहा घेतला, पोरांच्या शाळेचं बोलला, हसला आणि गेला. दुकानदाराचा काही दोष नव्हता आणि कोणी तसं म्हटलंही नाही. पण त्याच्या मनानं घेतलं की माझ्यासमोर बसला होता, आणि मला कळलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी त्याची बायको मागच्या बोळातून धावत आली. म्हणाली, हा सकाळपासून दुकानात शटर अर्धं ओढून बसला आहे, पूजा मांडू देत नाही, जेवायला येत नाही, घरच्यांना आत येऊ देत नाही. सासरे म्हणतात, सणाच्या दिवशी नाटकं नकोत, आपोआप येईल.

बाईंनी बूट चढवले. मला म्हणाल्या, चल.

शटरखालून वाकून आम्ही आत गेलो. तो खतांच्या पोत्यांवर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे कुठे तरी लागलेले. बाईंनी समोरच्या पोत्यावर बैठक मारली आणि मला दाराशी बसवलं. झोपेचं विचारलं. त्यानं मान हलवली. मग बाईंनी सरळच विचारलं.

“मरून जावं असं वाटते का तुले?”

मला वाटलं, या बाईनं हे काय केलं. नसलेलं त्याच्या डोक्यात घातलं. बाहेर पोरं लवंगी फोडत होती. मग त्या माणसाचे ताठ धरलेले खांदे खाली आले, इतके की तो एकदम लहान दिसायला लागला.

“हो बाई,” तो म्हणाला. “रोजच वाटते. कोनाले सांगू?”

“मले सांगतलं ना. बेस केलं.” बाईंचा आवाज जराही हलला नाही. “आता आइक. आजपासून तू एकटा नाही राहाचा. दुकानाची चावी बायकोजवळ दे. सकाळी आपुन यवतमाळले जाऊ, डाक्टर हाये तिथं याचा. मीबी होती याच रस्त्यावर. मानूस वापस येते.”

तो म्हणाला, लोक काय म्हणतील. बाई म्हणाल्या, पागल म्हणतील, मला म्हणतातच, तू दुसरा होशील. त्यावर तो हसला नाही, पण चावी मात्र त्यानं खिशातून काढली. आम्ही शटर पूर्ण वर केलं. त्याची बायको बाहेर उभी होती, तिच्या हातात चावी देताना तो रडला. संध्याकाळपर्यंत तो छपरीत बसला. सुई ओवता येईना तर तलाठ्यांनी ओवून दिली. कोणी त्याला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. सणाचे दिवस असूनही एक डॉक्टर होते. त्यांनी त्याला बसवून घेतलं, घाई केली नाही, औषधं दिली, पुन्हा केव्हा यायचं ते सांगितलं. लगेच काही झालं नाही. आठवडे गेले, मधे एकदा तर त्यानं गोळ्या सोडून दिल्या आणि पुन्हा घसरला, पुन्हा नेला. पण होळीपर्यंत तो दुकानात उभा राहायला लागला होता. आणि उभा राहिला तो असा, की आलेल्या माणसाला पाणी देता देता विचारायचा, “भाऊ, झोप लागते का?” नाही म्हणणाऱ्याला तो आत बसवून घ्यायचा. बाजारातले लोक म्हणायला लागले की बाईंचा रोग पसरला.

बाई आता नाहीत. माझी यवतमाळला बदली झाल्यावर काही वर्षांनी त्या म्हातारपणानं गेल्या, शांतपणे, माणसांत. पण त्यांची आठवण निघाली की मला त्यांचं दुसऱ्यांना सावरणं आधी आठवत नाही. मला ती दिवाळी आठवते जेव्हा त्या स्वतः कोसळत होत्या.

त्या साली कापूस अगदीच गेला होता. दसऱ्यानंतर बाईंची संध्याकाळची फेरी बंद झाली, मग सकाळची. मला वाटलं, वय झालं, गुडघे दुखत असतील. मग एका सकाळी मी शाळेत निघण्याच्या तयारीत असताना त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पातळाला इस्त्री नव्हती, पाय अनवाणी होते.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “माह्यं मन घसरून राह्यलं. मले आज एकटी सोडू नोको.”

मी घाबरले, आणि घाबरलेलं माणूस बोलतं तेच बोलले. अहो बाई, तुम्ही तर सगळ्यांना सावरता, तुम्हाला काय होतंय. त्यांनी माझ्याकडे थकलेल्या नजरेनं पाहिलं. “तेच तं हाये वं. सगळे माह्याकडे येतात. मी कोनाकडे जाऊ?”

मी त्यांना आत घेतलं, बसवलं, शाळेत निरोप पाठवला. मग मला तो प्रश्न विचारावा लागला. दुसऱ्याला विचारताना ऐकणं आणि आपल्या माणसाला विचारणं यांत किती अंतर असतं ते मला तेव्हा कळलं. बाईंनी विचार करून प्रामाणिक उत्तर दिलं. मरावंसं वाटत नाही, म्हणाल्या, पण उठावंसंही वाटत नाही. आणि हसू येते खोटं खोटं, ते जास्त भेव देते.

कृषी केंद्रवाला आपली माल न्यायची गाडी घेऊन आला. पुढच्या सीटवर आम्ही तिघं. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजी, याआधी कधी असा त्रास झाला होता? बाई म्हणाल्या, “जुनी पेशंट हाओ मी. नागपूरची.” डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मग तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, सांगा, तेव्हा कशानं बरं वाटलं होतं? बाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, की एक सिस्टर रोज येऊन नुसती बाजूला बसायची, काही म्हणायची नाही.

त्या दिवाळीला छपरी आम्ही उघडली. तलाठ्यांनी सतरंज्या घातल्या, आपांनी स्टोव्ह पेटवला. बाई दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. त्यांना कोणी उठवलं नाही, फराळाचा आग्रह केला नाही, बरं वाटेल म्हटलं नाही. एकेक जण जाऊन दिवाणाच्या कडेला थोडा वेळ बसायचा आणि परत येऊन वाकळ शिवायचा. दिवाळी गेली, थंडी पडली. गोळ्या चालू होत्या. आपोआप असं काही झालं नाही. कधी चार दिवस बरे जायचे, कधी आठवडा वाया जायचा.

मग नाताळच्या सुटीत एका दुपारी मी त्यांच्याशेजारी बसून वह्या तपासत असताना त्या एकदम म्हणाल्या, “मले सायकल शिकाची हाये.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. साठी उलटलेली बाई. मी विचारलं, आता? त्या म्हणाल्या, लहानपणी भावानं शिकवतो म्हटलं होतं, राहून गेलं. मग आठवलंच नव्हतं कधी. आज सकाळपासून आठवून राह्यलं. त्या उठून बसल्या होत्या. कित्येक आठवड्यांत त्यांनी काही हवं म्हणून मागितलं नव्हतं, साधा चहासुद्धा नाही. मी वह्या गुंडाळल्या आणि बाजारात गेले.

कृषी केंद्रवाल्यानं आपल्या मुलीची लेडीज सायकल आणली. शाळेच्या मैदानावर सुटीचं कोणी नव्हतं, पण बातमी फुटली आणि कंपाउंडच्या भिंतीवर पोरं येऊन बसली, मग मोठी माणसंही. बाईंनी पदर खोचला. तो मागून कॅरिअर धरून धावायचा, मी बाजूनं. पहिले दिवस त्या नुसत्या पडल्या. कोपर सोलून निघालं. आपा रोज ओरडायच्या की हाड मोडलं तर कोण बघणार, आणि रोज बघायला यायच्या.

संक्रांतीच्या जवळपास, एका उन्हाच्या सकाळी, त्यानं नेहमीसारखं कॅरिअर धरलं, थोडं धावला आणि न सांगता सोडून दिलं. बाईंना कळलं नाही. त्या मान ताठ करून, ओठ दाबून, मैदानाच्या कडेकडेनं पॅडल मारत गेल्या. गोलपोस्ट मागे पडला, पाण्याची टाकी मागे पडली. भिंतीवरची माणसं उभी राहिली. मग बाईंनी काही तरी विचारायला मान वळवली, आणि मागे कोणी नाही हे त्यांच्या लक्षात आलं. आम्हाला वाटलं आता पडतील. त्या पडल्या नाहीत. उलट त्यांनी आणखी जोरात पॅडल मारलं आणि शाळेच्या उघड्या फाटकातून थेट रस्त्यावर निघाल्या.

तेव्हा आमच्या ध्यानात आलं की ब्रेक कसा दाबायचा हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. आम्ही सगळे, मी, दुकानदार, म्हातारे तलाठी, चुडीवाल्या आपा, भिंतीवरची निम्मी पोरं, त्यांच्यामागे धावत सुटलो.